औरंगाबादचे बाबा-ए-उर्दू

हर्सूल आणि जटवाड्याच्या डोंगरउतारावरून आलेली खाम नदी शहराच्या वायव्येला बेगमपुऱ्याच्या कडेने पुढे जाते. मलिक अंबरच्या काळापासून याच बाजूच्या डोंगरातले भूगर्भातील पाणी खापरी नळांनी शहरात आणले गेले आणि त्या पाण्यावर येथील बागा फुलल्या. बेगमपुऱ्यातील बीबी का मकबरा पाहण्यासाठी देशोदेशीचे पर्यटक येतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच मकबऱ्याच्या बागेच्या आवारात निजाम सरकारच्या शिक्षण खात्यातील एक अधिकारी राहत होता आणि याच शहरातून त्याने इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, व्याकरण, कोशरचना अशा नाना विषयांवरील ग्रंथ उर्दूत आणण्याचा कारखानाच उभा केला होता, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. मौलवी अब्दुल हक हे त्यांचे नाव. उर्दूभाषक जग त्यांना बाबा-ए-उर्दू म्हणजे उर्दूचे पितामह म्हणून ओळखते. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, त्यांच्या आयुष्यातील सर्वाधिक फलदायी काळ गेला.

अब्दुल हक यांचा जन्म १८७० साली मेरठ जिल्ह्यातील हापूडच्या परिसरात झाला. शिक्षण अलीगढच्या मोहमेडन अँग्लो ओरिएंटल महाविद्यालयात झाले. सर सय्यद अहमद खान तेव्हा हयात होते, शिबली नोमानी आणि थॉमस अर्नोल्ड तेथे शिकवीत होते. नव्या ज्ञानाशी वैर धरून समाज पुढे जाणार नाही, ही सर सय्यद यांची भूमिका या विद्यार्थ्याच्या मनात खोलवर रुजली. तिला त्याने स्वतःची एक पुरवणी जोडली. नवे ज्ञान मिळवायचे, पण ते लोकांच्या भाषेत आणून मिळवायचे. पुढची सहा दशके हा माणूस या एकाच विचाराचा पाठपुरावा करीत राहिला. १८९४ साली पदवी घेऊन ते दक्षिणेत उतरले. हैदराबादेत मदरसा आसफियाचे मुख्याध्यापक झाले, 'अफसर' नावाचे मासिक चालविले आणि यथावकाश शाळा तपासणीस म्हणून औरंगाबादेत आले.

औरंगाबाद हे उर्दूला परके शहर नव्हते. उर्दू गझलेचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा वली येथलाच, त्याच्यानंतरचा सूफी कवी सिराजही येथलाच. पण अब्दुल हक आले तेव्हा हे वैभव इतिहासजमा झाले होते. राजधानी हैदराबादला जाऊन जवळपास दीड शतक झाले होते आणि औरंगाबाद हा सुस्तावलेला सुभा होता. तपासणीसाचे काम फिरतीचे. हर्सूलसारख्या शहराच्या वेशीवरच्या गावांपासून मराठवाड्याच्या आडवळणाच्या कसब्यांपर्यंतच्या शाळा त्यांच्या अखत्यारीत होत्या. या फिरतीमुळे मराठी ही भाषा त्यांच्या कानांवर रोज पडू लागली, ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

१९०३ साली मुस्लिम शिक्षण परिषदेची एक शाखा म्हणून अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था स्थापन झाली होती. अर्नोल्ड तिचे अध्यक्ष, शिबली पहिले सचिव. नावे मोठी, पण काम यथातथाच. १९१२ साली सचिवपद अब्दुल हक यांच्याकडे आले, तेव्हा संस्थेची सारी मालमत्ता म्हणून त्यांच्या हाती जुन्या कागदांची एक पेटी आली, असे सांगितले जाते. ती पेटी घेऊन त्यांनी संस्थेचे कार्यालय औरंगाबादेतच थाटले. दिल्ली, लखनौ, लाहोर अशी उर्दूची मोठी केंद्रे सोडून दख्खनच्या एका कोपऱ्यातील शहरात भाषेच्या विकासाचे मुख्यालय यावे, हे अनेकांना विचित्र वाटले असणार. परंतु येथे निजामाच्या अनुदानाचा आधार होता, खर्च कमी होता आणि मुख्य म्हणजे सचिव येथे होते. त्या काळी संस्था माणसाच्या पायाने चालत असत.

यानंतरची पंचवीस वर्षे औरंगाबादहून जे ग्रंथ बाहेर पडले, त्यांची नुसती यादी पाहिली तरी छाती दडपते. प्लुटार्कने लिहिलेली ग्रीक-रोमन वीरांची चरित्रे उर्दूत आली. बकलचा संस्कृतीचा इतिहास आला. मानवी भावनांचे मानसशास्त्र सांगणारे पुस्तक तरुण अब्दुल माजिद दर्याबादी यांच्याकडून लिहवून घेतले गेले. १९२१ मध्ये वहीदुद्दीन सलीम यांचा 'वझ-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शास्त्रीय परिभाषा कशी घडवावी, याचेच शास्त्र सांगणारा हा ग्रंथ त्या काळात हिंदुस्थानातील कोणत्याही भाषेने हेवा करावा असा होता. अब्दुल हक यांनी स्वतः १९१४ साली उर्दूचे व्याकरण लिहिले आणि त्यात अरबी व्याकरणाचा साचा बाजूला ठेवून उर्दू ही मुळात हिंदुस्थानी घडणीची भाषा आहे, या जाणिवेने नियम मांडले. १९२१ च्या जानेवारीत औरंगाबादेतून 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू झाले. १९२८ साली 'सायन्स' नावाचे विज्ञानाला वाहिलेले नियतकालिक निघाले. उर्दू म्हणजे शेरोशायरी, हा आजही टिकून असलेला समज त्यांना मान्य नव्हता. गझलेने भाषेला गोडवा दिला, पण गोडव्यावर भाषेचे पोट भरत नाही, अशी त्यांची धारणा होती.

योगायोग असा की, याच वर्षांत पुण्यात श्रीधर व्यंकटेश केतकर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड काढीत होते. १९२० ते १९२९ या काळात २३ खंड मराठीत आले. केतकरांनी कंपनी काढून, वर्गणीदार गोळा करून, कर्ज डोक्यावर घेऊन हे काम रेटले. अब्दुल हक यांच्या पाठीशी संस्थानाची तिजोरी होती. पण आग्रह एकच होता. आपल्या भाषेत सर्व विद्या आल्या पाहिजेत, आणि त्या पदव्या मिळविण्यासाठी नव्हे तर सामान्य सुशिक्षिताने घरी बसून वाचाव्यात यासाठी. पुणे आणि औरंगाबाद यांच्यामधील अंतर जेमतेम दीडशे मैलांचे. पण एक शहर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात आणि दुसरे निजामाच्या राज्यात होते. लिपीही वेगळी होती. त्यामुळे ही दोन कामे एकमेकांना पाठ करून उभी राहिली आणि आजही मराठी वाचकाच्या मनात ती एकत्र येत नाहीत.

१९१७ साली हैदराबादेत दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग स्थापन झाला आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून अब्दुल हक यांची निवड झाली. उस्मानिया विद्यापीठ उभे राहायचे होते. गणितापासून वैद्यकापर्यंत सारे शिक्षण एका देशी भाषेतून देणारे हे हिंदुस्थानातील पहिले आधुनिक विद्यापीठ. त्यासाठी आधी पुस्तके हवीत, पुस्तकांसाठी शब्द हवेत. मग समित्या बसल्या. एका बाजूला अरबी धातूंवरून भारदस्त संज्ञा घडविणारे पंडित, दुसऱ्या बाजूला बोलीतल्या साध्या शब्दांना, फारसी-हिंदी प्रत्ययांना जोडून चालते शब्द बनवावेत म्हणणारे सलीम यांच्यासारखे व्यवहारी लोक. एकेका संज्ञेवर वाद चालत. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर भाषा संचालनालय काढले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला आणि त्यातील संस्कृतप्रचुर शब्दांवरून मराठीत जे रणकंदन माजले, ते ज्यांना आठवते त्यांना हा वाद फार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की तेथे संस्कृतच्या जागी अरबी होती.

या विभागाची घडी बसवून अब्दुल हक औरंगाबादेत परतले. १९२३ साली येथे स्थापन झालेल्या उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्राचार्य झाले. आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. सकाळी महाविद्यालय, दुपारपासून अंजुमनचे काम, रात्री मुद्रिते आणि हस्तलिखिते असा त्यांचा दिनक्रम होता. संसार त्यांनी केला नाही. मिळकतीचा मोठा भाग संस्थेत जात राहिला.

हस्तलिखितांचा शोध हा त्यांचा दुसरा ध्यास. दख्खनमधील मठ, दर्गे, जुन्या घराण्यांची दप्तरे यांत पडून राहिलेली बाडे त्यांनी गोळा केली. उर्दू गद्याचा अठराव्या शतकापूर्वीचा इतिहास तोवर जवळजवळ अंधारात होता. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजही याने १६३५ च्या सुमारास लिहिलेली 'सबरस' ही गद्यकथा त्यांनी १९३२ मध्ये संपादित करून औरंगाबादेतून प्रसिद्ध केली. १९२८ साली कवी मीरचे आत्मचरित्र छापले. त्याच वर्षी औरंगाबादचेच लछमी नारायण शफीक यांनी अठराव्या शतकात लिहिलेला कवींचा चरित्रकोश 'चमनिस्तान-ए-शुअरा' प्रकाशात आणला. एका हिंदू खत्री घराण्यातील लेखकाने औरंगाबादेत बसून फारसीत लिहिलेला हा ग्रंथ त्याच शहरातून छापून निघाला, हे विशेष. त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले असे नाही. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज यांची म्हणून त्यांनी प्रसिद्ध केलेली 'मेराजुल आशिकीन' ही पुस्तिका बंदेनवाजांची नव्हे, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. घाईने लावलेला शोध मागे घ्यावा लागतो. पण हस्तलिखित वाचले, छापले आणि चर्चेसाठी खुले केले, म्हणूनच तो वाद होऊ शकला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक १९३३ साली औरंगाबादेतून निघाले. मराठी भाषेवर फारसीचा झालेला परिणाम हा त्याचा विषय. उर्दूच्या या कट्टर कैवाऱ्याने मराठीचा शब्दसंग्रह आणि वाक्प्रचार यांवर स्वतंत्र पुस्तक लिहावे, ही घटना साधी नाही. त्याआधी १९२५ मध्ये माधव ज्युलियन यांचा फारसी-मराठी कोश पुण्यात प्रसिद्ध झाला होता, तेव्हा विषय हवेत होताच. अर्ज, फिर्याद, वकील, दस्तऐवज, तारीख, नक्कल, मुदत, जमीन असे शब्द आज मराठी माणूस परके म्हणून वापरत नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तरीही न्यायालय आणि महसूल खात्यात ते शब्द नांदतच राहिले. दोन भाषा शेजारी राहिल्या की काय घडते, हे अब्दुल हक यांनी मराठवाड्यात प्रत्यक्ष ऐकले होते.

आणि येथेच त्यांच्या कार्याची दुखरी बाजूही सुरू होते. हैदराबाद संस्थानात मराठी बोलणारे सुमारे एक चतुर्थांश होते, तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास आणि उर्दू मातृभाषा असलेले साधारण दहावा हिस्सा. मातृभाषेतून ज्ञान हा सिद्धान्त उस्मानियाच्या वर्गात पोहोचला तो या दहाव्या हिश्शासाठी. पैठण, जालना किंवा हर्सूलच्या मराठी मुलाला माध्यमिक शाळेत आणि महाविद्यालयात भूगोल आणि बीजगणित उर्दूतूनच शिकावे लागे. त्याच्यासाठी इंग्रजीच्या जागी दुसरी परकी भाषा आली, एवढाच बदल. याची भरपाई सरस्वती भुवनसारख्या खासगी शाळांना करावी लागली, तीही सरकारी रोष पत्करून. जो न्याय अब्दुल हक उर्दूसाठी इंग्रजीकडे मागत होते, तोच न्याय मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांना संस्थानाने दिला नाही आणि मौलवीसाहेबांनी त्यासाठी आपले वजन खर्च केल्याचे दिसत नाही. ते औरंगाबाद सोडून गेल्यावर, १९३८ साली, ज्या महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते तेथील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. ही चळवळ संस्थानभर पसरली, असंख्य विद्यार्थ्यांची नावे कमी केली गेली आणि अनेकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण केले. मराठवाड्याच्या मनात उर्दूविषयी जी अढी बसली, ती भाषेविषयी नव्हती, सत्तेविषयी होती. पण अढी भाषेवरच बसली.

मात्र या माणसाला केवळ सत्तेच्या आश्रयाने वाढलेला भाषापंडित ठरविणे अन्यायाचे होईल. तसे न वाटण्याचे कारण त्यांच्या 'चंद हमअसर' या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात आहे. त्यात सर सय्यद आहेत, कवी हाली आहेत, मौलाना मोहम्मद अली आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीला मकबऱ्याच्या बागेतील नामदेव माळी बसलेले आहेत.

नामदेव हे दलित समाजातील. मकबऱ्याच्या बागेची देखरेख अब्दुल हक यांच्याकडे असताना आपल्या बंगल्यासमोर फुलबाग करण्याचे काम त्यांनी नामदेवांवर सोपविले. खिडकीतून ते पाहत असत. नामदेव एखाद्या रोपापाशी बसून त्याची पाने पुसत, आळे नीट करीत, चार पावले मागे सरकून त्याकडे पाहत आणि स्वतःशीच हसत. त्यांना मूलबाळ नव्हते. रोपे हीच लेकरे. रोपाला कीड लागली की त्यांचा जीव कासावीस होई. झाडपाल्याच्या औषधांची त्यांना चांगली जाण होती. लांबून लोक आपली मुले घेऊन येत आणि ते पैसा न घेता औषध देत. एका वर्षी पाऊस पडला नाही. विहिरी आणि बारवा आटल्या, बाग वाळली, पण नामदेवांची फुलबाग हिरवी राहिली. ते दिवसा आणि रात्रीही कुठून कुठून गढूळ पाणी डोक्यावर वाहून आणत होते. अब्दुल हक यांनी बक्षीस देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. आपली मुले वाढविण्याचे बक्षीस कोण घेते, असा त्यांचा साधा हिशेब होता. पुढे शिक्षण खात्याचे प्रमुख सिराज यार जंग यांनी त्यांना शाही बागेत नेले. तेथे एके दिवशी मधमाश्यांचे मोहोळ उठले. बाकीचे माळी पळून लपले. नामदेव कामात इतके गढलेले होते की त्यांना ते कळलेच नाही. माश्यांच्या डंखांनी त्यांचा प्राण घेतला.

ईश्वराने ज्याला जी क्षमता दिली ती पूर्णत्वाला नेणे हीच त्याची पूजा आणि मोठेपण जातीत किंवा हुद्द्यात नसते, असे मौलवीसाहेबांनी त्या व्यक्तिचित्रात मांडले आहे. हा पाठ अनेक दशके उर्दू शाळांच्या क्रमिक पुस्तकांत आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले औरंगाबादच्या एका मराठी माळ्याची कथा शिकत मोठी झाली. औरंगाबादच्या मराठी शाळांत मात्र नामदेव माळी पोहोचलेले नाहीत.

१९३० मध्ये अब्दुल हक उस्मानिया विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक म्हणून गेले, तरी अंजुमनचे मुख्यालय औरंगाबादेतच होते. १९३७ साली त्यांचा इंग्रजी-उर्दू प्रमाण कोश येथून प्रसिद्ध झाला. तोवर हवा पालटली होती. १९३६ च्या एप्रिलमध्ये नागपुरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद भरली. राष्ट्राच्या सामाईक भाषेला हिंदी अथवा हिंदुस्थानी म्हणावे, हा शब्दप्रयोग पुढे आला आणि अब्दुल हक भडकले. हिंदुस्थानी या शब्दात उर्दूला जागा होती, हिंदी अथवा हिंदुस्थानी म्हटल्याने ती जागा गेली, असे त्यांना वाटले. गांधीजींशी त्यांचे जाहीर मतभेद झाले आणि विद्येचे काम करणारी संस्था चळवळीची संस्था बनली. लढायचे तर राजधानीत राहून, म्हणून १९३८ मध्ये अंजुमनने औरंगाबाद सोडले आणि दिल्लीच्या दर्यागंजात बिऱ्हाड केले.

दिल्लीतही मोठी कामे झाली. जफरुर्रहमान देहलवी यांनी गवंडी, सुतार, विणकर, सोनार अशा कारागिरांच्या तोंडचे शब्द गोळा करून केलेला आठ खंडांचा परिभाषाकोश अंजुमननेच छापला. पण औरंगाबादेत जी शांतता होती ती तेथे नव्हती. १९४७ च्या दंगलीत दर्यागंजातील कार्यालय लुटले गेले, दप्तर आणि पुस्तकांची वाताहत झाली. सत्तरी ओलांडलेले अब्दुल हक कराचीला गेले. भारतात झाकीर हुसेन यांच्या पुढाकाराने अंजुमन नव्याने उभी राहिली, पाकिस्तानात दुसरी अंजुमन अब्दुल हक यांनी उभारली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम बदलले आणि दारुल तर्जुमाने घडविलेली शेकडो पाठ्यपुस्तके कपाटांत गेली.

कराचीत त्यांनी उर्दू महाविद्यालय काढले. तेथेही सुख लाभले नाही. स्वतः उभारलेल्या संस्थेतच त्यांच्याविरुद्ध गट उभे राहिले आणि काही काळ त्यांना बाजूला पडावे लागले. १९५९ मध्ये सरकारी हस्तक्षेपाने संस्था पुन्हा त्यांच्या हाती आली, पण वय उरले नव्हते. १६ ऑगस्ट १९६१ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. त्यांची कबर त्याच महाविद्यालयाच्या आवारात आहे. १९५८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर उर्दूचा महाकोश करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले मुख्य संपादक तेच होते. त्या कोशाचा बाविसावा आणि अखेरचा खंड २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.